बाई, मी रोज दात घासते!

मुलांनो, शनिवारी तुमच्या शाळेत नखं, केस आणि दात तपासतात का? आमच्याकडे तपासतात. जालना जिल्ह्यातल्या एका खेडेगावातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. शनिवारी सकाळची शाळा असते. प्रार्थना आणि परिपाठ झाला की मुलं व्हरांड्यात रांगेनं बसतात आणि मी एका टोकापासून सुरुवात करते. हात पुढे करा. उलटे करा. आता 'ई' करा! हा 'ई'चा भाग मुलांना फार आवडतो. कुणाचे दोन दात पडलेले, कुणाचा एक लोंबतोय, एकमेकांकडे बघून नुसती हसाहशी चालते.

चार वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी तिसरीतल्या एका मुलीनं 'ई' केलंच नाही. ओठ गच्च मिटून बसली. (तिचं नाव मी सांगणार नाही. लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारलं, तेव्हा दोघी म्हणाल्या, 'नाव नको, बाकी सगळं लिहा.') मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवला, तेव्हा तिनं तोंड उघडलं. वरचे पुढचे दोन पक्के दात नुकतेच पूर्ण आले होते. त्यांच्यावर आडव्या रेघा होत्या, टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते आणि त्या खड्ड्यांत पिवळट-तपकिरी रंग बसला होता.

"दात घासत नाहीस वाटतं?" मी म्हणाले. तेही सगळ्यांसमोर.

"घासते की बाई. रोज घासते. दोनदा."

मुलं हसली. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. या गोष्टीत चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

सोमवारी मी तिच्यासाठी नवा ब्रश आणि पेस्ट घेऊन गेले. मला वाटलं, झालं आपलं काम. तिनं ती पेस्ट इतक्या जोरानं घासली की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रेघा तशाच. खड्डेही तसेच. महिनाभरात वर्गातल्या पोरांनी तिला एक नाव ठेवलं, ते मी इथे लिहीत नाही. ती बोलताना तोंडावर हात धरायला लागली. माठातलं गार पाणी प्यायची नाही, दातांना झिणझिण्या येतात म्हणायची. मला तेही नाटक वाटलं.

मग आरोग्य तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना २०१३ साली सुरू झाली, तिचे डॉक्टर शाळांतून येऊन मुलांना तपासतात. तुमच्याही शाळेत येत असतील. डॉक्टर मॅडमनी तिची उंची मोजली, वजन केलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग प्रश्न विचारले. वारंवार तोंड येतं का? हो, येतं, आठ-आठ दिवस तिखट खाता येत नाही. दमायला होतं का? हो. पोट फुगतं का? कधी कधी. लोहाच्या गोळ्या घेतेस का? घेते, पण रक्त काही वाढत नाही. हे सगळं तिच्या आईला माहीत होतं, थोडंफार मलाही माहीत होतं. पण तोंड येणं, दमणं, उंची कमी असणं आणि दातांवरच्या रेघा या चार गोष्टी आम्ही कधी एका ओळीत मांडल्याच नव्हत्या.

मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. जालन्याला दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून, दिवा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे दात किडलेले नाहीत. घडतानाच असे घडलेत. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा."

तिचे बाबा बुचकळ्यात पडले. दुखतात दात आणि दाखवायचं पोट?

तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल. मला तर पडलाच होता. म्हणून आधी दात कसा तयार होतो ते बघू.

दुधाचा दात पडतो आणि मग नवा येतो, एवढं तुम्हाला माहीत आहे. पण तो नवा दात काही आदल्या रात्री तयार झालेला नसतो. बाळ जन्मतं त्याच सुमारास जबड्याच्या हाडात पक्क्या दातांचं काम सुरू होतं. सहाव्या वर्षी तुमची जी पहिली पक्की दाढ येते, तिची पायाभरणी तुम्ही पाळण्यात असतानाच झालेली असते. पुढचे बहुतेक पक्के दात तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या जबड्यात घडायला लागतात आणि त्यांचा वर दिसणारा भाग पुरा व्हायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे बाळ रांगतंय, पडतंय, बोबडं बोलतंय, बालवाडीत जातंय, आणि आत हिरडीखाली हे बांधकाम चाललंय!

दाताचं सर्वांत बाहेरचं पांढरं आवरण म्हणजे इनॅमल. मराठीत दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. हे आवरण बारीक बारीक पेशी थरावर थर देत तयार करतात, अगदी गवंडी विटांचे थर रचतो तसे. सुरुवात दाताच्या टोकापासून होते आणि काम हिरडीच्या दिशेनं सरकत जातं. पण या गवंड्यांची एक गंमत आहे. दात हिरडीबाहेर येतो तोवर ते काम आटोपून निघून गेलेले असतात. कायमचे! हात मोडला तर हाड जुळतं, गुडघा खरचटला तर कातडी भरून येते, पण इनॅमलचा थर कच्चा राहिला तर तो पुन्हा भरायला कुणी नसतं.

आता समजा, काम चालू असताना सिमेंटच आलं नाही तर? इनॅमलचं सिमेंट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस, आणि ते शरीरात नीट घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं. ज्या महिन्यांत माल कमी पडला, त्या महिन्यांचे थर पातळ राहतात. दात बाहेर आला की तिथे रेघ दिसते किंवा खड्डा दिसतो. आणि डावीकडचा व उजवीकडचा दात एकाच वेळी घडत असतो ना, म्हणून खूण दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच उंचीवर उमटते. दातांच्या डॉक्टरांनी नेमकं हेच पाहिलं होतं. वर दोन्हीकडे, खाली दोन्हीकडे, अगदी आरशात बघितल्यासारखं. गोळ्या-चॉकलेटांनी लागलेली कीड अशी मोजूनमापून येत नाही. ती जिथे अन्न अडकतं तिथे लागते.

फिनलंड देशातल्या लीसा आइने या दंतवैद्य बाईंनी १९८६ साली अशा दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता रंग बदललेला, मग हलक्या रेघा, मग खोल खड्डे, मग दाताचा आकारच बिघडलेला, अशा चार पायऱ्या त्यांनी लावल्या. आजही जगभरचे डॉक्टर त्या पायऱ्या वापरतात. ज्या मुलांचे दात त्यांनी तपासले, त्यांना एक पोटाचा आजार होता. त्याचं नाव सीलिअ‍ॅक. आमच्या मुलीला तोच निघाला.

आता या आजाराची गोष्ट गव्हाच्या शेतातून सुरू करू या. होळीच्या आधी तुम्ही कधी गव्हाची ओंबी तळहातावर चोळून कच्चे दाणे चघळत बसलाय का? चघळता चघळता त्याचा चिंगम होतो! लहानपणी आम्ही पैज लावायचो, कुणाचा चिंगम जास्त वेळ टिकतो ते. तो चिकट गोळा म्हणजे ग्लुटेन. गव्हातलं एक प्रथिन.

शेत जवळ नसेल तर घरी करून बघा. आईकडून लिंबाएवढी कणीक मागून घ्या. घट्ट मळलेली हवी. अर्धा तास पाण्यात ठेवा, मग भांड्यात पाणी घेऊन त्यात हळूहळू चोळत राहा. पाणी दुधासारखं होईल. ते ओता, नवं घ्या. चार-पाच पाण्यांनंतर हातात राखाडी रंगाचा, रबरासारखा ताणणारा गोळा उरेल. मग हाच प्रयोग ज्वारीच्या पिठाचा करा. काहीच उरणार नाही, सगळं पाण्याबरोबर जाईल. म्हणून तर पोळी लाटता येते आणि भाकरी मात्र गरम पाणी घालून मळून, थापून करावी लागते. तुमच्या आजीला ग्लुटेन हा शब्द माहीत नसेल, पण ज्वारीच्या पिठात 'चिकी' नाही हे तिला तुमच्या-माझ्या आधीपासून माहीत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना या ग्लुटेनचा काहीही त्रास होत नाही. पण थोड्या जणांच्या शरीरातली संरक्षणाची फौज ग्लुटेन दिसलं की खवळते, आणि शत्रू समजून आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. लहान आतडं आतून मखमलीसारखं असतं. त्यावर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम त्यांचं. सीलिअ‍ॅकमध्ये हे रसांकुर झिजून आतडं गुळगुळीत होतं. जेवण पोटात जातं, पण अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या का लागू पडत नव्हत्या, ते आता कळलं ना? कॅल्शियमही असंच वाया जात होतं, आणि इकडे जबड्यात गवंडी सिमेंटची वाट बघत बसलेले! शिवाय ही खवळलेली फौज दात घडवणाऱ्या पेशींनाही थेट त्रास देत असावी, असं काही डॉक्टर मानतात. तोंडही त्यामुळेच वारंवार येतं.

हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसून नाही, उष्टं खाऊनही नाही. हे मी वर्गात तीनदा सांगितलं, इथे एकदा लिहिते.

या रोगाचा गुन्हेगार गहू आहे हे कसं सापडलं, ती हकिगत तर एखाद्या रहस्यकथेत शोभेल. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी या आजाराचं नीट वर्णन केलं होतं, पण कारण कुणालाच माहीत नव्हतं. काही वर्षं तर अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवायचे, आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटायचं, कारण केळी खाताना पाव बंद असायचा! हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. गव्हावर त्यांचा संशय होताच. मग दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ चा हिवाळा आला. हॉलंडमध्ये अन्नाचा एवढा तुटवडा पडला की लोक ट्युलिपच्या फुलांचे कंद उकडून खायला लागले. सगळीकडे मुलं वाळत चालली होती, पण सीलिअ‍ॅकची मुलं त्यातल्या त्यात सुधारत होती. पुढे पाव पुन्हा मिळायला लागला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेंनी मग एकेक धान्य देऊन, बंद करून, मोजमाप करून ते सिद्ध केलं आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. गहू, जव आणि राय ही तीन धान्यं या आजारात चालत नाहीत. राय आपल्याकडे फारसं मिळत नाही.

आपल्या देशाचं काय? २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशाच्या तीन भागांतल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. उत्तरेत सीलिअ‍ॅकची रक्तातली खूण हजारात साधारण बारा जणांत सापडली आणि दक्षिणेत हजारात एकात. उत्तरेतली माणसं दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होती, दक्षिणेतली २५ ग्रॅम. आपण मराठवाड्याची माणसं. आपल्या आजी-आजोबांचं ताट ज्वारी-बाजरीच्या भाकरीचं होतं. पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर! आता रोजच्या डब्यात पोळी असते, मधल्या सुट्टीत बिस्किटं, संध्याकाळी टोस्ट. मी गव्हाला नावं ठेवत नाहीये. मलाही गरम पोळी आवडते. पण ज्याला गहू चालत नाही, त्याचा आजार पूर्वी भाकरीच्या ताटात झाकून राहत असेल, तो आता दिसायला लागणार, असं मला आपलं वाटतं.

आता जरा आई-बाबांसाठी.

हे वाचून मुलाची पोळी लगेच बंद करू नका. आमच्या वर्गात मी ही माहिती सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ मुलांनी 'आम्हाला ग्लुटेन आहे' म्हणत डब्यातल्या पोळ्या परत नेल्या. त्यांच्या आयांनी मला बाजारात गाठून जो जाब विचारला, तो अजून आठवतो. दातांवर डाग दिसला म्हणजे सीलिअ‍ॅकच, असं मुळीच नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तरी डाग पडतात. आपल्या मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यात किनवटकडे असे दात खूप दिसतात, यवतमाळ-चंद्रपूरकडेही दिसतात. लहानपणचा मोठा ताप, कुपोषण, दुधाच्या दाताला लागलेला मार, अशी आणखी कारणं असतात. आणि काळे पडलेले, पोखरलेले दात बघाल, तर त्यांतले बहुतेक गोडाचे आणि न घासण्याचेच! पण दोन्ही बाजूंच्या पक्क्या दातांवर सारख्याच खुणा, त्यात मूल वाढत नाही, रक्त वाढत नाही, सारखं तोंड येतं, असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, 'सीलिअ‍ॅकची तपासणी करायची का?'

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तपासणीच्या आधी गहू सोडायचा नाही. आमच्या मुलीच्या एका नातेवाइकानं सांगितलं, 'आजपासून गहू बंद करा, बघा फरक.' फरक पडलाही असता. पण रक्तातली टीटीजी नावाची खूण गहू खाणं चालू असेल तरच नीट दिसते. गहू सोडल्यावर ती हळूहळू ओसरते, मग आजार असूनही तपासणीत 'नाही' येऊ शकतं. डॉक्टरांनी तिला तपासणी होईपर्यंत पोळी खायलाच लावली. रक्तात खूण सापडली, मग संभाजीनगरला दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा तपासला. 'दुखलं का गं?' असं मी विचारलं, तर म्हणाली, "झोपवलं होतं, काय कळलंच नाही बाई."

औषध काय? गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव जन्मभर बंद. बस्स.

हे लिहायला एक ओळ लागते, करायला सबंध घर लागतं. पोळी, पाव, बिस्किट, खारी तर जातेच. रवा जातो, म्हणजे सत्यनारायणाचा शिरा जातो. मैदा जातो, शेवया जातात. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, त्याही जातात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात असतो. बाजारच्या हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचून बघा, हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं! मलाही हे तिच्या आईनंच सांगितलं. चौथी शिकलेली ती बाई आता दुकानात उभी राहून पाकिटामागची बारीक अक्षरं माझ्यापेक्षा भरभर वाचते.

खरी अडचण आली ती गिरणीत. गिरणीत गव्हाचं दळण निघालं की त्याच पाळ्यांवर ज्वारी टाकतात. चिमूटभर गहू त्यात येतोच, आणि सीलिअ‍ॅकला चिमूटभरही पुरतो. गिरणीवाला भला माणूस, पण रोज एका पायलीसाठी गिरणी कशी धुणार? शेवटी आजीनं माळ्यावरचं जातं खाली काढलं. घासून धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, पहिले दोन पसे ज्वारी दळून ते पीठ म्हशीला घातलं आणि मग नातीचं दळण घातलं. "आमचा तर सारा जलम भाकरीवरच गेला," आजी मला म्हणाली, "पोरीला काय वनवास न्हाई." तिची काथवट वेगळी, तवा वेगळा, पिठाचा डबा वेगळा. त्या डब्याला कुणी पोळीचा हात लावायचा नाही.

भाकरी, भात, वरण, उसळ, भाज्या, दूध, अंडी, मटण, साबुदाणा, राजगिरा, भगर, नाचणी, मका, शेंगदाणे... यातलं सगळं तिला चालतं. शाळेतली खिचडी चालते. थंडीत हुरडा तर ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त खाते. फक्त २६ जानेवारी आला आणि मी पेचात पडले, कारण झेंडावंदनाला जिलबी असते. तिच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू आणून ठेवला. तिनं तो खाल्ला आणि मागून सगळी तिसरी ओरडायला लागली, 'बाई, आम्हालापण लाडू!' आता आमच्या शाळेत जिलबी बंदच झाली आहे, सगळ्यांना लाडू असतो. (जिलबी काय, लाडू काय, खाल्ल्यावर चूळ भरायचीच हं! दोन्ही दातांना चिकटतात.)

एक गोष्ट मात्र मला टोचते. रेशनचा गहू जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो. ज्वारी विकत घ्यावी लागते. म्हणजे ज्या घरात फुकटचं धान्य येतं, त्या घरातल्या या पोरीचं औषध तेवढं पैशाचं. जालना तर बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे बियाण्यांची कंपनी काढली, ज्वारी-बाजरीचं संकरित वाण इथून देशभर गेलं, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०२३ साल साऱ्या जगानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आम्हीही शाळेत घोषवाक्यं लिहिली. आणि आमच्या शिवारात बघाल तिकडे कापूस आणि सोयाबीन! तिच्या बाबांनी रब्बीत अर्धा एकर ज्वारी पेरली. पाखरं राखायला ती आणि आजी जातात. गावातले लोक म्हणाले, अर्ध्या एकरात काय निघणार? तिचे बाबा म्हणाले, "एका पोरीपुरतं निघंल."

सहा-सात महिन्यांत तिचं तोंड येणं थांबलं. रक्त वाढलं. उंचीही वाढली, आता परिपाठाच्या रांगेत ती मधे उभी असते. दात मात्र आपोआप भरून आले नाहीत, ते भरून येणार नाहीत हे तुम्हाला आता माहीतच आहे. दातांच्या डॉक्टरांनी खड्डे दाताच्याच रंगाच्या लेपानं बुजवले, झिणझिण्या कमी व्हायला औषधाचा हात फिरवला. लेप अधूनमधून निघतो, मग पुन्हा जावं लागतं. वर्गाला मी सगळं समजावून सांगितलं आणि तिची माफी मागितली. सगळ्यांसमोरच मागितली, कारण बोलले होते सगळ्यांसमोर. ठेवलेलं नाव लगेच गेलं नाही. एक-दोन पोरं वर्षभर तरी म्हणत होती.

अजून एक सांगायचं राहिलं. एकाला सीलिअ‍ॅक निघाला की आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करतात, कारण तो घरात दुसऱ्या कुणाला असू शकतो. तिचा धाकटा भाऊ तेव्हा अडीच वर्षांचा होता. चांगला गुटगुटीत, कसली तक्रार नाही. बाबा म्हणत होते, त्याला कशाला सुई टोचायची? आजीनं ऐकलं नाही. तपासलं, तर त्यालाही निघाला. पण विचार करा मुलांनो, अडीच वर्षं! त्याच्या पुढच्या पक्क्या दातांचं काम तेव्हा हिरडीखाली अर्धं व्हायचं होतं. त्या दिवसापासून त्याचाही गहू बंद.

आता तो माझ्या पहिलीच्या वर्गात आहे आणि ताई सातवीत. गेल्या महिन्यात त्याचा खालचा पुढचा दुधाचा दात हलायला लागला. ताई रोज मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात येते, त्याला खिडकीजवळ उजेडात नेते आणि 'ई' करायला लावते. तो पळतो, ती धरून आणते. दात मंगळवारी पडला. परवा ती धावत आली.

"बाई, आला! पांढरा आहे."

मी पाहिलं. तांदळाच्या कणीएवढं टोक वर आलं होतं, अगदी पांढरं. मी म्हणाले, "छानच आहे की गं!"

"टोक छान असणारच बाई," ती म्हणाली, "टोक तर दूध पीत होता तेव्हाचं आहे. मधला भाग येऊ द्या."

आणि तिनं त्याला पुन्हा खिडकीजवळ नेलं.